सायकलचा बिल्ला गेला, तेव्हा काय गेलं?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सांगली जिल्ह्यात मोटारसायकली किती, हे एमएच १० च्या ऑफिसात विचारलं तर आकडा मिळतो. साताऱ्यात एमएच ११, कऱ्हाडात एमएच ५०, तिथंही मिळतो. गाडी कुठल्या साली घेतली, कुणाच्या नावावर आहे, विमा आहे का, सगळ्याची नोंद आहे. आता सायकली किती, हे विचारून बघा. आरटीओच्या दृष्टीनं सायकल हे मोटार वाहनच नाही, त्यामुळे तिथं विषय संपतो. महापालिकेत गेलात तर या टेबलावरून त्या टेबलावर फिराल.

पण एके काळी सायकलींची नोंद व्हायची, आणि ती व्हायची नगरपालिकेतच. पन्नाशी ओलांडलेल्यांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. वर्षाला ठरावीक पैसे भरायचे, नगरपालिका नंबर ठोकलेला धातूचा बिल्ला द्यायची, तो सायकलला लावायचा. आमच्या घरी माळ्यावरच्या डब्यात असा एक बिल्ला अजून आहे, नंबर निम्मा झिजलेला. बिल्ला नसेल तर माणूस अडवायचा आणि सायकल नगरपालिकेत जमा व्हायची. लोक वैतागायचे, गल्लीबोळातून पळायचे. कर कुणालाच आवडत नाही. पण या वैतागाच्या व्यवहारात एक गोष्ट आपोआप होत होती. गावात सायकली किती, हे गावाला माहीत असायचं.

आजच्या पोस्टचा मुद्दा एवढाच आहे. रस्त्यावरची सायकलची जागा गेली ती सायकली कमी झाल्या म्हणूनच नाही. सायकली मोजणं थांबलं, म्हणूनही गेली. हे कसं घडलं ते मुळापासून सांगतो, कारण या वाहनाचा आपल्या भागाशी संबंध फार जुना आहे.

सायकलचा आजचा आकार, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर'नं रूढ केला. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. आणि त्याच १८८८ साली आपल्या शेजारच्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर होते. तिथं त्यांनी सायकल पाहिली आणि त्यांना धंद्याची वाट दिसली. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा विकायचे. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव स्वतःच बेळगावला आले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

किर्लोस्करांच्या इतिहासात किंमत सांगतात ती सातशे ते हजार रुपये. त्या काळात प्राथमिक शाळेच्या मास्तराचा कित्येक वर्षांचा पगार झाला हा. म्हणजे सायकल तेव्हा साहेब, वकील आणि सरदार यांची चैन होती. पण या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा तपशील पुढचा आहे. दुकानात सायकल चालवायला शिकवायचेही, आणि त्याची फी होती पंधरा रुपये. वाहन विकणाऱ्यानंच ते नीट चालवायला शिकवायचं, ही पद्धत आपल्याकडं पहिल्या दुकानापासून होती. आज आपण सहावीतल्या पोराला सायकल घेऊन देतो आणि थेट राज्य मार्गावर सोडतो.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. सायकलींच्या दुरुस्तीतून यंत्रांची ओळख वाढली, त्यातून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकरांचा माळ मिळाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा एक माणूस पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. एका सायकल दुकानापासून निघालेला धागा कारखान्यापर्यंत आणि शाळेपर्यंत असा जातो.

आता त्या वेळचा नकाशा डोळ्यापुढे आणा. सातारा शहर इंग्रजी अंमलात. सांगली पटवर्धनांचं संस्थान. मिरज वेगळं संस्थान, तेही थोरली आणि धाकटी पाती असं वाटलेलं. मध्येच औंध, फलटण, जत. सांगलीहून मिरजेला जायचं म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आणि १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका झाली. कारभार शंभर वर्षांत इतक्या वेळा बदलला, पण सांगली-मिरज रस्ता तोच राहिला. त्या रस्त्यावरून कामाला जाणारा माणूसही तोच राहिला.

हा माणूस सायकलवर कधी आला? सायकल स्वस्त झाली तेव्हा. आधी रॅले, हंबर, बीएसए अशा विलायती सायकली होत्या. त्या पुसून-पुसून पुढच्या पिढीला दिल्या जायच्या. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर देशातच कारखाने निघाले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. मग सायकल सरदाराच्या वाड्यातून बाहेर पडून पोस्टमन, गवळी, गिरणी कामगार आणि कॉलेजच्या पोरापर्यंत आली. लग्नात जावयाला रिस्टवॉच आणि सायकल देण्याचे दिवस आठवा. बरं-वाईट नंतर ठरवू, पण सायकलची पत काय होती ते त्यातून कळतं.

ज्याला विकत घेणं जमत नव्हतं त्याच्यासाठी तासावर सायकल होती. प्रत्येक पेठेत एक दुकान, बाहेर सायकलींची रांग, मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर, आत एक वही. नाव, वेळ, सायकल नंबर. पोरांसाठी छोट्या सायकली, आणि त्या शिल्लक नसल्या तर मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायचं. अख्ख्या गावाची सायकलची शाळा त्या दुकानांनी चालवली. आज 'शेअरिंग सायकल' म्हणून ॲपवर जे मिळतं ते आपल्याकडं मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी चालू होतं, आणि डिपॉझिट म्हणजे तोंडओळख.

सांगली तर सायकलसाठीच बनवल्यासारखं गाव. कृष्णाकाठची सपाट जमीन. मारुती चौक, हरभट रोड, कापड पेठ, तिथून विश्रामबाग, तिथून मिरज, कुठं चढ नाही. विश्रामबागला १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ पासून वालचंद. साताऱ्याचं तसं नाही. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बसलेलं गाव. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं येताना पायडल मारावं लागत नाही, आणि परत जाताना उतरून ढकलावं लागतं. तरीही वरच्या रस्त्यानं आणि खालच्या रस्त्यानं, म्हणजे राजपथानं आणि कर्मवीर पथानं, लोक सायकलवरच जायचे. चढावर दहा माणसं एका रांगेत सायकल हातात धरून गप्पा मारत चाललीत, हे साताऱ्याचं जुनं दृश्य आहे.

आता मुद्द्याचं. या सगळ्या काळात सायकल हे नगरपालिकेच्या लेखी एक 'वाहन' होतं. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानं नगरपालिकांना वाहनांवर आणि ओढकामाच्या जनावरांवर कर बसवायचा अधिकार दिला होता. बैलगाडी, टांगा, सायकल, सगळं त्यात आलं. कर घ्यायचा म्हणजे नोंद ठेवायची. नोंद ठेवली की नियम आले. दिवेलागणीनंतर सायकलला कंदील पाहिजे, पुढे डायनॅमो पाहिजे. डबलसीट दिसली की पोलिसाची शिट्टी. डबलसीट पकडली तर मागचा उतरून चालू लागायचा आणि 'मी यांना ओळखतच नाही' म्हणायचा, हे किस्से प्रत्येक घरात आहेत.

हसू येतं, पण बघा, या नियमांचा अर्थ काय होता? रस्त्यावर सायकल आहे हे व्यवस्थेला मान्य होतं. तिच्यासाठी नियम होते, दंड होता, बाजारपेठेत आणि थेटराबाहेर पैसे देऊन लावायचा स्टँड होता. दंड करण्याइतकं तरी महत्त्व होतं!

मग चित्र बदललं. १९७२ मध्ये पुण्याजवळ बजाजची चेतक आली, त्याच साली कायनेटिकची लुना आली. आणि साताऱ्याचा यात खास वाटा आहे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यात. 'प्रिया' स्कूटर तिथं बनायची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. त्या कारखान्यानं साताऱ्यातल्या किती घरांना स्थिर पगार दिला हे मी वेगळं सांगायला नको. स्कूटरला माझा विरोध नाही. बायको, दोन पोरं आणि भाजीची पिशवी घेऊन चढ चढायचा तर स्कूटरच पाहिजे होती.

पण या बदलात कागदावर एक गोष्ट घडली ती कुणाच्या लक्षात आली नाही. मोटार वाहनांची नोंदणी आणि कर हे राज्य सरकारचं काम. नगरपालिकेकडं उरल्या बैलगाड्या, टांगे आणि सायकली. टांगे गेले, बैलगाड्या शहरातून गेल्या. सायकलचा कर गोळा करायला जो खर्च यायचा त्या मानानं हाती फार काही लागत नव्हतं, शिवाय गरिबाच्या वाहनावर कर कशाला, हा प्रश्नही रास्त होता. एकेका गावानं तो कर बंद केला. चांगलं झालं. मी तो कर परत आणा असं अजिबात म्हणत नाही. पण कर बंद करताना मोजणीची दुसरी काही सोय करायला हवी होती. ती कुणीच केली नाही.

परिणाम काय? एका बाजूला मोटारसायकलींचा आकडा दर महिन्याला वाढताना दिसतो. तो आकडा बैठकीत मांडता येतो, त्यावरून रुंदीकरण, उड्डाणपूल, पार्किंग मागता येतं. दुसऱ्या बाजूला सायकलचा रकानाच नाही. ज्याचा आकडा नाही त्याच्यासाठी बजेट नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर झाला, जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची गरज होती की नव्हती यावर आपण साताऱ्याच्या कट्ट्यांवर पुष्कळ भांडलोय. पण त्या सगळ्या भांडणात 'या नाक्यावरून तासाला सायकली किती जातात' हा प्रश्न माझ्या तरी कानावर एकदाही आला नाही.

कुणी म्हणेल, सायकल चालवतंय कोण आता? रविवारी हेल्मेट घालून यवतेश्वरला जाणारे डॉक्टर-इंजिनिअर सोडले तर?

तर ऐका. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. आणि शेती सोडून इतर कामांना जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जात होते. चारचाकीनं जाणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी जास्त. ही माणसं दिसत नाहीत, कारण आपण उठायच्या आत ती कामावर पोचलेली असतात. पहाटे पेपर टाकणारी पोरं, दुधाच्या किटल्या लावलेले गवळी, पहिल्या पाळीला कुपवाडच्या नाही तर साताऱ्याच्या एमआयडीसीत जाणारे कामगार, गवंड्याच्या हाताखाली जाणारी माणसं, हॉस्टेलची मुलं. त्यांच्यातल्या कुणाला विचारलं तर तो 'मी सायकलिस्ट आहे' असं म्हणणार नाही. तो म्हणेल, गाडी नाही म्हणून सायकल. त्याची संघटना नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही, टी-शर्ट नाही. म्हणून तर त्याला मोजायचं काम नगरपालिकेचं आहे.

आणि मरतो तोही हाच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा. सायकलवाल्याच्या भोवती पत्रा नाही, विमा नाही, आणि आपल्याकडं साखर कारखान्यांच्या हंगामात अजून एक संकट असतं. गळीत सुरू झालं की रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. दुसऱ्या पाळीवरून घरी येणारा सायकलवाला एका बाजूला त्या ट्रॉलीच्या आणि दुसऱ्या बाजूला कडेच्या खड्ड्याच्या मध्ये. हे ज्यानं पाहिलंय त्याला आकडेवारी सांगायची गरज नाही.

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे, राग येईल अशी. रस्ते कसे बांधायचे याची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. पीडब्ल्यूडीचे इंजिनिअर तिचीच पुस्तकं वापरतात. तिनं सायकल ट्रॅकचं मानक केव्हा काढलं? १९६२ मध्ये! म्हणजे प्रिया स्कूटर यायच्या आधी तेरा वर्षं. नंतर २०१५ मध्ये ते सुधारलं. १९६२ च्या त्या पुस्तिकेत साधा हिशेब दिलाय. ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला १०० ते २०० मोटारगाड्या असतील, तिथं तासाला ४०० सायकली असल्या तर वेगळा ट्रॅक करावा. आणि मोटारगाड्या तासाला २०० पेक्षा जास्त असल्या, तर फक्त १०० सायकलींसाठीसुद्धा वेगळा ट्रॅक योग्य ठरतो.

परत वाचा. गाड्या जास्त असतील तर सायकली कमी असल्या तरी चालतील, कारण धोका जास्त. साठ वर्षांपूर्वीच्या सरकारी इंजिनिअरांना हे कळत होतं. सांगली-मिरज रस्त्यावर तासाला दोनशेपेक्षा जास्त मोटारगाड्या असतात हे सिद्ध करायला समिती नको, विश्रामबागला पाच मिनिटं उभं राहिलं की पुरे. मग प्रश्न उरतो तो फक्त १०० सायकलींचा. तासाला शंभर म्हणजे मिनिटाला दोनसुद्धा नाहीत. सकाळी पाळीच्या वेळेला तिथून मिनिटाला दोन सायकली जातात का? हे मला माहीत करून घ्यायचंय, आणि माझ्या अंदाजानं नाही, महापालिकेच्या सही-शिक्क्यानं.

नियमही आहेत. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता नियमांत सरळ लिहिलं होतं की फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक असेल तिथं गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय गाडी घालता येणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं सांगितलं की विचार माणसं हलवण्याचा करा, गाड्या हलवण्याचा नाही. कागद कमी नाहीत आपल्याकडं.

नुसता कागद आणि नुसता ट्रॅक यानं काय होतं, हे बघायला पुण्याला जा. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख होती, त्या पुण्यात २०१७ मध्ये महापालिकेनं आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक गेल्याही. आधी बांधलेल्या ट्रॅकवर मोटारसायकली उभ्या, हातगाड्या उभ्या, मध्येच डीपी बॉक्स, मध्येच झाड, आणि चौक आला की ट्रॅक गायब. अपघात होतो तो चौकातच, आणि नेमका तिथंच ट्रॅक संपतो. आपल्याकडं तेच करायचं असेल तर न केलेलं बरं.

हॉलंडचं नाव काढलं की लोक म्हणतात, तिकडची संस्कृतीच वेगळी. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त पोरं. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं, 'पोरांचे खून थांबवा'. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारलाही पेट्रोल परवडेना. त्यानंतर हेग आणि टिलबर्ग या गावांत नमुन्याचे सायकल मार्ग झाले. तिथं एक धडा मिळाला. एकच झकपक मार्ग केला तर सायकली फारशा वाढत नाहीत. माणसाला घरापासून शाळेपर्यंत, कामापर्यंत अख्खी वाट लागते. म्हणून डेल्फ्ट गावानं पूर्ण जाळं केलं. आज दिसतं ते हॉलंड पन्नास वर्षांच्या अशा कामातून आलंय. आणि सांगलीकरांनो, तो देशही सपाट आहे, नदीकाठचा आहे आणि पुराला तोंड देणारा आहे. आपल्याला तो परका वाटायचं काही कारण नाही.

साताऱ्याला चढ आहे, मान्य. त्यावरही उपाय निघालाय. अडीचशे वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची सायकल कायद्यानं मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. राजवाड्याचा चढ आता ढकलत चढायची गरज नाही. पण बघा, याही सायकली कुठल्याच नोंदीत येणार नाहीत. म्हणजे परत तेच. उद्या त्या दुप्पट झाल्या तरी नगरपालिकेला पत्ता नसणार.

जागा कुठंय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. जुन्या पेठांत खरंच जागा नाही, आणि तिथं ट्रॅक मागणं वेडेपणा आहे. हरभट रोडला किंवा खालच्या रस्त्याला ट्रॅक नको, वेग कमी पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पेठेत आणि शाळांच्या भोवती ताशी तीसची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे नीट बांधलेले गतिरोधक, एवढ्यानं काम भागतं. वेगळी जागा लागते ती मोठ्या, रुंद, वेगाच्या रस्त्यांवर, आणि त्या रस्त्यांना जागा आहे. फक्त ती आज पार्किंगला आणि साइडपट्टीवरच्या खडीला दिलेली आहे.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. ट्रॅक मागत नाही, पैसे मागत नाही. आधी मोजा.

एक. सांगलीत विश्रामबाग चौक, पुष्पराज चौक, आयर्विन पूल, मिरजेला जाणारा मुख्य रस्ता आणि कुपवाड एमआयडीसीकडचा रस्ता. साताऱ्यात पोवई नाका, राजवाडा, बॉम्बे रेस्टॉरंट चौक आणि वाढे फाटा, एवढ्या ठिकाणी वर्षातून दोनदा सायकली मोजा. एकदा शाळा सुरू झाल्यावर, एकदा गळीत हंगामात. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, कारण दहा ते पाच मोजलं तर निम्मी माणसं सुटतील. बाई की पुरुष, मूल की मोठं, एवढं लिहा. इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्या, खर्च चहा-वड्याचा.

दोन. जे दिसत नाहीत त्यांचंही विचारा. प्रत्येक हायस्कूलमध्ये एक कागद फिरवा. घरी सायकल आहे का? असून शाळेला आणत नाहीस का? आई-बाप का नको म्हणतात? कुठल्या चौकाला घाबरतात? पोरं त्या चौकाचं नाव बरोबर सांगतील.

तीन. सायकलवाल्याचा अपघात झाला तर त्याची जागा नकाशावर टिपा. पोलिसांकडं पंचनामे असतात, ते एकत्र लावले तर धोक्याच्या जागा आपोआप दिसतील.

चार. हे आकडे १९६२ च्या त्या साध्या कसोटीला लावा, आणि जिथं ती पार होते तिथली वाट विकास आराखड्यात धरा. आराखडा वीस वर्षांसाठी असतो. त्याच्या आधी सर्व्हे करायचाच असतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्याच असतात. त्या वेळेला आपण घरांच्या गुंठ्यांसाठी हरकती घेतो, त्यात एक हरकत सायकलीची घालू.

पाच. गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कारखान्यानं ट्रॉलीच्या मागं, उसाच्या वर दिसेल असा रिफ्लेक्टर आणि दिवा लावल्याशिवाय गाडी वजनकाट्यावर घेऊ नये. याला नकाशा लागत नाही, आराखडा लागत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव लागतो, आणि ते संचालक आपल्याच गावातले आहेत.

नगरसेवकांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक लेखी प्रश्न टाका. 'शहरात सायकली किती? त्या कोणत्या रस्त्यांवरून, किती वाजता जातात?' उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असंच येईल, याची मला जवळपास खात्री आहे. ते उत्तर लेखी घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. मोजणी सुरू करायला एवढं पुरेसं आहे.

आणि बाकीच्यांनी आपापल्या भागातला तो एक चौक खाली लिहा, जिथं तुम्ही तुमच्या पोराला सायकल घेऊन जाऊ देत नाही. कारण एका ओळीत लिहा. पन्नास नावं जमली की मी त्यांची यादी करून दोन्ही शहरांच्या शहर अभियंत्यांकडं आणि वाहतूक शाखेकडं पोचती करतो, आणि पोच मिळाली की तिचा फोटो इथं टाकतो.